हळू बोल, ताई ऐकेल

९ जानेवारी

आज पावणेअकराला माझी मुलाखत होती. दहा वीसला बस मुख्य कार्यालयाच्या थांब्यावर उभी राहिली. दार उघडलं. मी मांडीवर फाइल घेऊन बसलो होतो. दार बंद झालं आणि बस निघाली. झोप लागली म्हणावं तर तेही नाही. डोळे उघडे होते, थांब्याची पाटीसुद्धा वाचली. फक्त उठलो नाही.

शेवटच्या थांब्यावर कंडक्टर म्हणाला, "काका, उतरा आता. बस धुवायला न्यायचीय."

तिथल्या बाकावर तासभर बसून राहिलो. मग घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही, त्यामुळे जास्त घाबरलो. ती बोटांवर मोजत म्हणाली, "पहिल्या मुलाखतीच्या वेळी तुला ताप आला, तो दुपारी दोनला आपोआप उतरला. दुसऱ्या वेळी तू भलत्याच इमारतीत जाऊन बसलास. आता हे. अरे, हा योगायोग नाही."

मग तिने कपाटातून ही वही काढली. ती ग्रंथालयात काम करते, तिथली उरलेली नोंदवही आहे. म्हणाली, "मला सांगता येत नसेल तर यात लिही. मी वाचणार नाही."

ठीक. लिहितो. मी पाय बनवतो. इस्पितळाच्या मागच्या बाजूला आमची कार्यशाळा आहे. ज्यांचा पाय गेला त्यांच्यासाठी साचा घ्यायचा, उरलेला पाय जिच्यात बसतो ती खोबण तयार करायची, पाय बसवायचा, चालायला शिकवायचं. एकवीस वर्षं हेच करतोय. कामात मला कुणी नावं ठेवलेली नाहीत. मुलाखत कार्यशाळेच्या प्रमुखपदाची होती.

१३ जानेवारी

मास्तरांनी केबिनमध्ये बोलावलं. मास्तर म्हणजे आमचे आत्ताचे प्रमुख. वय झालंय, निवृत्तीची तारीखही ठरली होती.

"बस कुठं बंद पडली होती?" त्यांनी विचारलं.

"बंद नाही पडली."

त्यांनी समोरची फाइल मिटली. म्हणाले, निवड समितीला बाहेरचे दोघे पसंत पडले नाहीत, म्हणून सप्टेंबरअखेरपर्यंत त्यांनाच थांबायला सांगितलंय. तेव्हा शेवटची निवड. तेव्हाही कुणी मिळालं नाही तर कार्यशाळा बंद, आणि पाय बाहेरच्या कारखान्यातून तयार मागवायचे. लहान, मध्यम, मोठा.

"बनियनसारखे?" मी म्हणालो.

"बनियनसारखे."

चष्मेवाली दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती माझ्या हाताखाली सहा वर्षं आहे, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, हात सोन्याचा. जागेवर गेली आणि एका खोबणीची कड कानशीने घासत बसली. इतकी घासली की कड तुटली. तिच्या हातून मी आजवर काही तुटलेलं पाहिलं नव्हतं.

२१ जानेवारी

डॉक्टरांकडे गेलो. सगळ्या तपासण्या झाल्या. "रक्त तर तुमचं माझ्यापेक्षा चांगलं आहे," असं जरा नाराजीनेच म्हणाले आणि इस्पितळातल्या समुपदेशकाकडे चिठ्ठी दिली.

संध्याकाळी ताईचा फोन. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिची लाँड्री आहे, हॉटेलांच्या चादरी धुते. चौदा मशिनं, अकरा माणसं. त्या घरघरीत ती इतक्या जोरात बोलते की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. दुसरी व्हॅन घेतली म्हणाली. "तुझं काय नवीन?" म्हणाली. मी म्हणालो, काही नाही.

मुलाखतीचा विषय तिच्यापाशी मी कधीच काढत नाही. बिचारी ताई. उगाच तिच्या जखमेवरची खपली कशाला काढायची?

१९ फेब्रुवारी

समुपदेशकाच्या चार भेटी झाल्या. पोरगेला माणूस, पण मन लावून काम करतो. मी त्याला मनात तक्तेवाला म्हणतो. दर वेळी तक्ता भरून न्यायचा. प्रसंग काय, मनात विचार कुठला आला, त्याला पुरावा काय, दुसरा विचार कोणता करता येईल. मी सगळे तक्ते पट्टीने आखून भरले.

आज त्याने विचारलं, "मुलाखतीची भीती दहापैकी किती?"

"शून्य."

"शून्य?"

"मला भीती वाटतच नाही. मी फक्त उतरत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "काका, स्पष्ट बोलतो. या पद्धतीने मी पुष्कळांना बरं होताना पाहिलंय. तुमचे तक्ते तर मी शिकवताना नमुना म्हणून दाखवीन. पण ही तीनदा तशीच घडलेली गोष्ट आहे आणि तुम्हाला तिचं कारणच ठाऊक नाही. अशा वेळी सायकोडायनॅमिक थेरपी करणारं कुणीतरी गाठून बघा."

नाव ऐकून मला यंत्राचा भाग वाटला. दुरुस्तीचं काम असेल तर बरंच, म्हटलं.

त्याने कागदावर लिहून दिलं. कुठे शिकलात? स्वतः अशा उपचारातून गेला आहात का? आपल्या कामाची चर्चा अजून कुणा ज्येष्ठाशी करता का? हे तीन प्रश्न फोनवरच विचारायचे आणि विचारताना लाजायचं नाही. "चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला तर फोन ठेवा."

२३ फेब्रुवारी

बायकोने ग्रंथालयातून एक पातळ पुस्तक आणलं आणि आधी स्वतःच वाचून काढलं. मी भांडी घासत होतो, ती ओट्याला टेकून समजावत होती.

"या लोकांचं म्हणणं असं, की माणसाला स्वतःबद्दल सगळं ठाऊक नसतं. लहानपणी एखाद्या अडचणीतून सुटायला आपण युक्ती काढतो. अडचण संपते, युक्ती राहते. मोठेपणी तीच आडवी येते, आणि आपल्याला वाटतं की नशीबच खोटं."

"मग ते युक्ती काढून टाकतात?"

"काढत नाहीत. दिसेल असं करतात. तू मनात येईल ते बोलायचं, आणि त्या माणसाने ऐकायचं. सल्ला नाही, गृहपाठ नाही. वेळ लागतो. आणि गंमत ऐक, तू बाहेर जसा वागतोस तसाच हळूहळू त्या खोलीतही वागायला लागतोस. तिथं मग ते पकडता येतं."

"मी तिथं काय करणार? बसमधून उतरणार नाही?"

"बघूच की," ती म्हणाली. "आणि तो टोप मागून घास."

६ मार्च

शोधाशोध चालू आहे. पहिला माणूस प्रत्यक्ष भेटला. खोलीत भलं मोठं मत्स्यालय होतं आणि भिंतभर प्रमाणपत्रं. तीन भेटींत बालपण साफ करून देतो म्हणाला. मी पहिला प्रश्न विचारला, तर त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. दुसरा विचारला, तर म्हणाला, "मला कशाला उपचार? मी काय आजारी आहे?" माशांचा निरोप घेऊन निघालो.

दुसऱ्या गृहस्थांनी तिन्ही उत्तरं शांतपणे दिली, पण आठ महिने जागा नाही म्हणाले. दोन नावं मात्र दिली. त्यातल्या एकीने फोन उचललाच नाही. दुसऱ्या बाईंनी उचलला. तिन्ही प्रश्न ऐकले, तिन्हींची सरळ उत्तरं दिली आणि म्हणाल्या, "चांगले प्रश्न आहेत. गुरुवारी सव्वापाचला याल?"

१३ मार्च

सायकलच्या दुकानावर दुसरा मजला. दोन खुर्च्या, जराशा तिरप्या ठेवलेल्या. घड्याळ दोघांना दिसेल असं. बाई साठीच्या असाव्यात. केस आखूड, पायात सपाता. दर गुरुवारी सव्वापाच, पन्नास मिनिटं, दोघांपैकी कुणी येणार नसेल तर आधी सांगायचं. एवढं सांगून गप्प बसल्या.

मी विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता?"

"ऐकते. तुम्हाला जे सहज दिसत नाही ते मला दिसलं तर तुमच्यासमोर ठेवते. ते खरं की खोटं हे तुम्ही तपासायचं."

"आणि मी?"

"मनात येईल ते बोलायचं. फालतू वाटलं तरी."

मी बसची गोष्ट सांगितली, ताप सांगितला, भलती इमारत सांगितली. त्या पन्नास मिनिटांत चारदा बोलल्या असतील. जिना उतरताना वाटलं, एवढ्यासाठी फी? सायकलवाला तरी टायरमध्ये हवा भरून देतो.

तरी पुढच्या गुरुवारी जाणार आहे. का ते माहीत नाही.

१० एप्रिल

आज बाईंना हसवायला गेलो आणि फजिती झाली.

मी शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसलो तेव्हा ताईही त्याच परीक्षेला बसली होती. तिची तिसरी खेप. निकाल लागला, मी वरच्या श्रेणीत पास, ती पुन्हा नापास. मी गुणपत्रक घेऊन धावत घरी आलो तर आई दारातच उभी, ओठांवर बोट. "हळू बोल, ताई ऐकेल." गुणपत्रक तिने माझ्या हातातून काढून घेतलं आणि शिवणयंत्राच्या खणात टाकलं. मग बाबांनी मला खुणेने न्हाणीघरात नेलं, दार लावलं, नळ पूर्ण सोडला, आणि त्या धबधब्यात माझा हात हातात घेऊन हलवला. "शाब्बास" म्हणाले असावेत. ऐकू नाही आलं. फक्त ओठ हलताना दिसले.

ही गोष्ट मी आजवर दहा जणांना सांगितली असेल. सगळे खो खो हसतात. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पाय भिजले होते. पुसले."

बाईंना विनोदाचं अंग नाही हे आज नक्की झालं.

१५ मे

काम छान चाललंय. नव्या पद्धतीची खोबण करून बघितली. कड आतून मऊ, बाहेरून पातळ. एका पोस्टमनला ती बसवली. तो समांतर दांड्यांमधून चालत गेला, टोकाशी थांबला आणि म्हणाला, "टोचत नाहीय. कुठं आहे पाय?" चष्मेवालीने टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी छायाचित्रं काढून वर पाठवली. मी म्हणालो, काही विशेष नाही त्यात.

आज बाईंकडे पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. वाटेत चप्पल शिवायला थांबलो होतो.

५ जून

पुन्हा उशीर. या वेळी वीस मिनिटं. रहदारी होती. म्हणजे मी चालत गेलो, पण रहदारी होतीच.

बाई म्हणाल्या, "पहिले दोन महिने तुम्ही एकदाही उशिरा आला नव्हता. पोस्टमन नीट चालायला लागल्यापासून हा तिसरा उशीर."

"मग? पोस्टमनचा आणि माझ्या चपलेचा काय संबंध?"

"मलाही माहीत नाही. पण बरं चाललं की तुम्ही इथं कमी वेळ येता, एवढं दिसतंय."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. एकवीस वर्षांत कामावर एक दिवस उशीर नाही, आणि ही बाई चपलेचा हिशेब ठेवते. पुढच्या आठवड्यात जाणारच नाही.

१२ जून

गेलो नाही. घरी बसून पंखा पुसला. बायको म्हणाली, "आज गुरुवार ना?" मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "उतरला नाहीस तर."

१९ जून

गेलो. पाचलाच पोचलो आणि पंधरा मिनिटं सायकलच्या दुकानात उभा राहिलो. वर जाऊन म्हणालो, "मला तुमचा राग आला होता."

मला वाटलं होतं, त्या एक तर रागावतील किंवा मनाला लावून घेतील. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. सांगायला अवघड गेलं?"

आईबाबांना मी कधी असं काही बोललो होतो का, हे आठवत राहिलो. आठवलं नाही. आमच्या घरात सगळं हळूच असायचं.

१० जुलै

प्रमुखपदाची नवी जाहिरात लागली. अर्ज मी भरला नाही, मास्तरांनी भरला, मी फक्त सही केली. आज छाननीची यादी आली. माझं नाव पहिलं. खाली शेरा, "नव्या खोबणीचे काम विशेष उल्लेखनीय". मुलाखत अठरा सप्टेंबरला. चष्मेवाली यादी हातात घेऊन नाचत आली.

बाई पंधरा दिवस रजेवर आहेत, त्यामुळे आज गुरुवार मोकळा. त्या असत्या तर सांगितलं असतं.

२४ जुलै

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.

बाई परत आल्या. उजवा हात कोपरापासून पंजापर्यंत प्लास्टरमध्ये. मी विचारलं, तर म्हणाल्या, पडले, आता ठीक आहे. मी बसलो आणि बोलायला लागलो. बसचे मार्ग बदलले, नवा नंबर कुठून सुटतो, जुना का बंद केला, खड्डे, सिग्नल. चाळीस मिनिटं. माझं मलाच ऐकवेना, पण तोंड थांबेना.

बाई म्हणाल्या, "दोन आठवडे आपण भेटलो नाही. इतक्या दिवसांत बस सोडून काहीच झालं नाही?"

"यादी आली. माझं नाव पहिलं आहे." हे मी इतकं हळू म्हणालो की त्यांना पुढे वाकावं लागलं.

त्या म्हणाल्या, "एवढी मोठी बातमी, आणि ती तुम्ही बसखाली दडवलीत. का बरं?"

"तुमचा हात मोडलाय," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "तुम्हाला एवढं दुखत असताना मी काय माझं कौतुक सांगत बसू?"

"म्हणजे माझं दुखत असलं की तुम्ही पुढं जायचं नाही."

मी घड्याळाकडे बघायला लागलो.

"आज तुम्ही नळ सोडला होता," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं. मला ऐकू जाऊ नये म्हणून."

मला काही कळायच्या आत रडू फुटलं. मी, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, लोकांना पहिल्या दिवशी सांगणारा की रडा, लाजू नका. न्हाणीघरातले ते ओले पाय आठवले. कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. एकदाच, दार उघडं ठेवून. त्या दिवसानंतर मी पास होण्याच्या आधीच मागे फिरायला लागलो. ताप आणला, इमारत चुकवली, बसून राहिलो. ताईला दुखू नये म्हणून.

वेळ संपला होता. बाई म्हणाल्या, "आणि ही बातमी ऐकून मला आनंद झालाय. हात मोडला असला तरी झालाय."

खाली सायकलवाल्याने विचारलं, "काका, बरं आहे ना?" मी म्हणालो, "फार बरं आहे." खरंच होतं ते.

३ ऑगस्ट

ताईकडे गेलो. ती चादरींच्या ढिगामागे उभी राहून कुणाला तरी झापत होती. मला पाहून तिने खुणेने ऑफिसात बसवलं. मी सगळं सांगितलं. तीन मुलाखती, बस, बाई, गुणपत्रक, नळ. तिच्यामुळे मी मागे राहिलो असं नाही, पण तिला वाईट वाटेल म्हणून, असं काहीतरी.

आधी ती हसली. पोट धरून हसली. मग एकदम थांबली आणि टेबलावर हात आपटला.

"सव्वीस वर्षं तू मला लुळीपांगळी समजत होतास?"

"तसं नाही, ताई."

"तसंच! माझ्या नावावर तू घरी बसत राहिलास. मला विचारलंस एकदा तरी? तुझं गुणपत्रक मी दुसऱ्याच दिवशी पाहिलं होतं. सुई बदलायला खण उघडला तर समोर. बसून सगळं वाचलं. मला इतका आनंद झाला होता रे! गणितात तर तू चक्क..." तिने जवळची चादर ओढून तिची उगाच घडी घातली. "बाहेर येऊन सांगणार होते, तर तुम्ही तिघं कुजबुजत होता. मी आले की गप्प. मला नापास झाल्याचं नाही लागलं. ती परीक्षा मला नकोच होती. तुमच्या कुजबुजण्याचं लागलं. माझ्या भावाचा आनंद सोसायची ताकद मला नाही, असं तुम्हाला वाटत होतं, त्याचं लागलं."

मला तोंड वर करवेना. दाराबाहेर चौदा मशिनं फिरत होती. मी या बाईला इतकी वर्षं बिचारी म्हणत होतो. तिला, जिच्या एका हाकेला अकरा माणसं पळत येतात.

"मुलाखत कधी?" तिने डोळे पुसत विचारलं.

"अठरा सप्टेंबर."

"पडलास तर पड. पण जायचं नाही असं केलंस तर याच मशिनीत घालून पिळून काढीन."

२८ ऑगस्ट

बाईंना विचारलं, "कारण कळलं. म्हणजे आता झालं ना?"

"तुम्ही एखाद्याला पाय बसवता. तो त्याच दिवशी जिना चढतो?"

"नाही. घसरतो. शिव्या देतो. पुन्हा येतो."

"मग," त्या म्हणाल्या.

आज मी वेळेवर गेलो होतो. निघतानाही घुटमळलो नाही. पण काल कामावर इस्पितळाची पत्रं तपासताना माझ्या मुलाखतीचं पत्र मी दोनदा भलत्या फाइलमध्ये ठेवलं. दोन्ही वेळा लक्षात आलं, आणि हसूही आलं. आधी लक्षातच येत नव्हतं.

१८ सप्टेंबर

उतरलो.

बस थांबण्याआधीच उठून उभा राहिलो, दांडा घट्ट धरून. तळहात घामाने ओले होते आणि थांब्याची पाटी मी तीनदा वाचली. म्हणजे भीती होती तर. तक्तेवाल्याला कळवायला हवं, दहापैकी नऊ.

समितीत तिघे होते. एक मोठे सर्जन, एक खरेदी विभागाचे साहेब आणि मध्यभागी अध्यक्षबाई. अध्यक्षबाईंनी फाइल चाळून पहिलाच प्रश्न टाकला, "तुमचं नाव याआधी तीनदा आलं होतं. तुम्ही आला नाहीत. का?"

घरून ठरवून आलेलं उत्तर वेगळंच होतं. मी म्हणालो, "पुढं जायला मी घाबरत होतो. ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे आणि त्यावर काम चालू आहे."

सर्जननी कागदांतून मान वर केली. अध्यक्षबाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

मग खरेदीवाले साहेब म्हणाले, "तुमची निवड झाली तरी कार्यशाळा चालवायची कशाला, हा प्रश्न उरतोच. कारखान्याचे पाय तीन मापांत येतात. बहुतेकांना बसतात."

मी खिशातून मापाची पट्टी काढली. "साहेब, जरा विजार गुडघ्यापर्यंत वर घ्याल?"

"काय?"

"दोन्ही पायांवरची."

अध्यक्षबाईंनी तोंडावर हात धरला. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, सर्जनकडे पाहिलं, आणि विजार वर केली. मी खाली बसलो. डाव्या पोटरीचं माप घेतलं, उजव्या पोटरीचं घेतलं, मोठ्याने वाचलं. दीड सेंटिमीटरचा फरक.

"तुमचेच दोन पाय एकमेकांच्या मापाचे नाहीत," मी म्हणालो. "आणि इतका फरक खोबणीत राहिला तर आमचा माणूस आठ दिवसांत जखम घेऊन परत येतो. मग पाय कोपऱ्यात उभा आणि माणूस खुर्चीत. तो पाय स्वस्त पडला असं म्हणायचं का?"

माझा आवाज खोलीभर झाला होता. बाहेर बसलेल्या शिपायाने आत डोकावून पाहिलं. मी आवाज कमी केला नाही.

२५ सप्टेंबर

पत्र आलं. प्रमुख म्हणून नेमणूक, एक तारखेपासून. कार्यशाळा आणखी पाच वर्षं चालू ठेवण्याचा ठराव त्याच पत्रात, आणि तयार पाय मागवायचं बारगळलं.

मास्तरांनी माझ्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की चष्मेवालीच्या हातातला चहा सांडला. मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली आणि चष्मा पुसत म्हणाली, "सर, पहिल्यांदा ती कानस बदला."

संध्याकाळी आईला फोन केला. तिचं वय आता ऐंशीच्या घरात. बातमी सांगितली तर ती आनंदली, आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाली, "ताईला सांगितलंस का? जरा बेतानं सांग हं."

"आई, ताई माझ्या शेजारीच बसलीय," मी म्हणालो. खरंच बसली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि ओरडली, "आई! हा मुख्य झाला! ऐकू आलं का? मुख्य!"

पलीकडे कसलंतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "अगं, एवढं मोठ्यानं... सांग, सांग, पुन्हा एकदा सांग."

आईच्या फोनआधीच, सव्वापाचला, बाईंना खोलीत शिरता शिरताच सांगून टाकलं, खुर्चीत बसायच्या आधी. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी बऱ्या झालेल्या हाताने माझा हात हातात घेतला. मग बसल्या आणि नेहमीसारख्या गप्प झाल्या. मी म्हणालो, मला अजून यायचं आहे. बाबांबद्दल मी फारसं बोललोच नाहीये. त्या म्हणाल्या, "या की."

३ ऑक्टोबर

मास्तरांच्या खुर्चीत बसण्याचा दुसरा दिवस, काल सुट्टी होती. खुर्ची मला उंच होते, पण ती बदलायला वेळ नाही.

अकराच्या सुमारास एक बाई कुबड्या आपटत कार्यशाळेत शिरल्या. भाजी विकतात. पाय आमच्याकडचाच, मार्चमध्ये दिलेला. दारातूनच ओरडल्या, "मुख्य कोण आहे इथला? मला मुख्याशीच बोलायचंय!"

चष्मेवाली थबकली. बाकीचे दोघे हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागले.

"मी," मी केबिनमधून बाहेर येत म्हणालो. "या, बसा. काय झालं?"

त्या बसल्या आणि अर्धा तास मला फैलावर घेतलं. खोबण घामाने सरकते, चालताना आवाज होतो, गिऱ्हाइकं हसतात, दोनदा येऊन गेले तर कुणी दाद दिली नाही, आणि असला पाय देताना तुम्हाला लाज कशी वाटत नाही. मी मधे एकदाही बोललो नाही. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्यांचं सगळं म्हणणं बरोबर होतं. उद्या सकाळी नऊला साचा नव्याने घेतोय.